ऑनलाइन सभा बंद करू नका: सेवाभावी क्लबांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

महासाथीच्या काळात सुरू झालेल्या ऑनलाइन सभा आता कायमच्या बंद कराव्यात आणि सर्व सभा पूर्वीप्रमाणे सभागृहातच घ्याव्यात, असा विचार सेवाभावी क्लबांच्या बैठकांमध्ये वारंवार बोलून दाखवला जातो. काही ठिकाणी तसा रीतसर ठराव झाला, तर काही ठिकाणी ठरावाचीही गरज भासली नाही; सभेच्या निरोपात लिंक येणे थांबले आणि त्याबद्दल कोणी विचारणा केली नाही. एका क्लबचा जुना सदस्य आणि महासाथीच्या काळातील सचिव या नात्याने माझा या निर्णयाला स्पष्ट विरोध आहे, आणि त्याची कारणे आपल्यापुढे ठेवावीत म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे: ऑनलाइन सहभागाला क्लबच्या उपविधींमध्ये कायमचे स्थान द्यावे, म्हणजे तो कोणा एका अध्यक्षाच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही.

प्रत्यक्ष सभेचा आग्रह धरणाऱ्यांची भावना मला समजते, कारण आपल्या सगळ्या संस्था सभेतूनच जन्माला आल्या आहेत. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सहकारी एका कार्यालयात भेटले, तेथून रोटरीची सुरुवात झाली. १९१५ मध्ये डेट्रॉइटला किवानिस आणि १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स उभी राहिली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी एकत्र बसायचे, एकमेकांची विचारपूस करायची आणि त्यातूनच कामाची आखणी करायची, ही रीत या सर्वांत समान आहे. रोटरीत तर दर सहामाहीत ठरावीक प्रमाणात सभांना हजेरी असावी, एखादी सभा चुकल्यास ती ठरावीक दिवसांत दुसऱ्या क्लबमध्ये जाऊन भरून काढावी, असा दंडक अनेक दशके होता; या ‘मेकअप’साठी परगावी गेलेले सदस्य तिथल्या क्लबचा पत्ता शोधत फिरत. हजेरीला इतके मोल देणाऱ्या संस्थांचे सभागृह एका आठवड्यात बंद पडले, तेव्हा नुसती जागा गेली नव्हती. क्लब ज्या सवयीवर चालत होता, ती सवयच मोडली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत आपण काय केले, हे आज आठवून पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा विसर पडू लागला आहे. ज्येष्ठ सदस्यांना फोनवरून एकेक पायरी सांगत अॅप उतरवून द्यावे लागले. माइक बंद असताना बोलणारे आणि माइक चालू ठेवून घरच्यांशी बोलणारे, असे दोन्ही प्रकारचे सदस्य प्रत्येक सभेत असत. झूमच्या मोफत खात्यावर गटसभा चाळीस मिनिटांनी आपोआप संपत असल्याने पहिल्या काही सभा ऐन चर्चेत तुटल्या. मात्र याच मर्यादेने एक गोष्ट साधली. विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवली जाऊ लागली, अहवाल आधीच वाचून यावेत असा संकेत पडला आणि स्वागत, सत्कार, आभार यांत जाणारा वेळ कामाच्या विषयांना मिळू लागला. अनेक वर्षे जे आपण सांगून करवून घेऊ शकलो नव्हतो, ते घड्याळाने करवून घेतले. ही शिस्त सभागृहात परतल्यावर आपण पुन्हा गमावली, याची मला खंत वाटते.

ऑनलाइन सभा ही ‘आपल्या परंपरेत न बसणारी’ गोष्ट आहे, हा आक्षेप तर वस्तुस्थितीला धरून नाही. रोटरीमध्ये ई-क्लब, म्हणजे मुख्यतः ऑनलाइन भेटणारे क्लब, महासाथीच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात होते. रोटरीचे नियम ठरवणाऱ्या विधी परिषदेने २०१६ मध्ये सभांची संख्या, स्वरूप आणि हजेरी यांबाबत क्लबांना मोठी मोकळीक दिली आणि महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची अट ठेवून सभा प्रत्यक्ष घ्यावी की ऑनलाइन, हे क्लबवर सोपवले. म्हणजे महासाथ येण्याच्या चार वर्षे आधी दार उघडलेले होते. आपण त्यातून आत गेलो नव्हतो, इतकेच. पुढे खुद्द आंतरराष्ट्रीय पातळीवरही तेच करावे लागले. होनोलुलू येथे भरणारे २०२० चे रोटरीचे वार्षिक अधिवेशन रद्द झाले आणि त्याऐवजी जूनमध्ये ऑनलाइन अधिवेशन घेण्यात आले. सिंगापूर येथील लायन्सचे २०२० चे अधिवेशनही रद्द करावे लागले आणि २०२१ चे ऑनलाइन झाले. एवढ्या मोठ्या संघटनांना जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

याहून गंभीर आक्षेप असा की, सेवा हातांनी होते, स्क्रीनवर होत नाही. हे वाक्य ऐकायला बरोबर वाटते, पण त्या काळातील काम जवळून पाहिलेल्या कोणालाही ते अपुरे वाटेल. यासाठी एका सभेचा तपशील मुद्दाम सांगतो.

आमच्या क्लबने ऑक्सिजन कॉन्संट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारी यंत्रे, विकत घेऊन गरजूंना वापरायला द्यायचे ठरवले होते. निधी जमला होता, यंत्रे येऊ घातली होती आणि ‘मागेल त्याला द्यावे’ असाच बहुतेकांचा कल होता. सभा सुरू असताना आमच्या एक डॉक्टर सदस्या रुग्णालयाच्या मार्गिकेतून सभेत आल्या. चेहऱ्यावर मास्कचे वळ होते आणि आवाज बसलेला होता. त्या मोजकेच बोलल्या: हे यंत्र मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देते, ज्याला याहून जास्त लागतो त्याच्यासाठी ते पुरे पडणार नाही, घरात यंत्र आले म्हणून कुटुंब निश्चिंत राहील आणि रुग्णालयात नेण्यास उशीर होईल, ही खरी भीती आहे. शिवाय ते विजेवर चालते, तेव्हा वीज गेल्यास पर्याय काय, हे यंत्र देण्याआधी विचारा. त्यांच्या बोलण्यानंतर आमची योजना तिथल्या तिथे बदलली. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ऑक्सिमीटरची नोंद असल्याशिवाय यंत्र द्यायचे नाही. ज्या घरी यंत्र गेले, तिथे एका सदस्याने रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून पातळी विचारायची आणि ती घसरत असल्यास डॉक्टरांना कळवायचे. नळी प्रत्येक रुग्णासाठी नवी द्यायची. आणि यंत्र परत आल्यावर स्वच्छ करूनच पुढच्या घरी पाठवायचे, असे ठरले. कोणते यंत्र कुठे आहे आणि केव्हा परत येणार आहे, याचा तक्ता सर्वांसमोर स्क्रीनवर उघडून त्याच बैठकीत भरला गेला. त्या काळात त्या डॉक्टर कोणत्याही सभागृहात येऊ शकल्या नसत्या. त्या रुग्णालयाच्या मार्गिकेतून आल्या, म्हणून आमची सेवा निदान अपायकारक ठरली नाही.

यंत्रे उचलून पोहोचवणारे हात वेगळे होते आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु योग्य माणूस योग्य वेळी चर्चेत असणे हाही सेवेचाच भाग आहे. पोलिओचेच पाहा. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचा पोलिओप्लस कार्यक्रम हाती घेतला आणि १९८८ पासून जागतिक पोलिओ निर्मूलन मोहिमेत ती भागीदार आहे. डोस मुलाला प्रत्यक्षच द्यावा लागतो, त्याला पर्याय नाही. म्हणून मार्च २०२० मध्ये संसर्गाच्या धोक्यामुळे लसीकरणाच्या मोहिमा थांबवाव्या लागल्या आणि काही महिन्यांनी त्या टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात समन्वय, निधी, देखरेख आणि माहितीची देवाणघेवाण दूरस्थ पद्धतीने चालू राहिली. जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग वन्य पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याची घोषणा २५ ऑगस्ट २०२० रोजी झाली, आणि तीसुद्धा ऑनलाइन कार्यक्रमातच. दारोदारी फिरणाऱ्या स्वयंसेवकांच्या कित्येक दशकांच्या कष्टांची ती पावती होती, आणि ती स्क्रीनवरून ऐकली म्हणून कोणाला तिचे मोल कमी वाटले नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ऑनलाइन सभांमुळे जे सदस्य परत आले, त्यांच्याविषयी आपण फारच कमी बोलतो. आमच्या एक सदस्या पतीच्या दीर्घ आजारपणामुळे महासाथीच्या आधीपासूनच सभांना येऊ शकत नव्हत्या. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे वर्षभर ‘अनुपस्थित’ अशी नोंद होती आणि त्यांचे सदस्यत्व चालू ठेवावे काय, असा प्रश्नही एकदा निघाला होता. सभा ऑनलाइन झाल्या आणि त्या पहिल्याच सभेपासून हजर राहू लागल्या, पतीच्या खाटेशेजारी बसून, कॅमेरा बंद ठेवून. मधेच उठून जावे लागले तर तसा दोन शब्दांचा निरोप लिहीत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आठवड्यातून ठरल्या दिवशी फोन करण्याचा आमचा उपक्रम पूर्णपणे त्यांनी चालवला: कोणाला कोणते औषध लागते, कोणाचा मुलगा परगावी आहे, कोणाला ऐकू कमी येते म्हणून दोनदा फोन करावा लागतो, हे सारे त्यांच्या वहीत असे. हे काम घरातून होण्यासारखे होते आणि घरात अडकलेल्या माणसालाच त्याची निकड सर्वांत अधिक कळत होती. सभा पुन्हा सभागृहात गेल्या, लिंक बंद झाली, आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे पुन्हा तीच नोंद येऊ लागली. त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार आपण करायला हवी होती.

त्या एकट्या नाहीत. जिना चढता न येणारे ज्येष्ठ, रात्रपाळी करणारे, लहान मुलांच्या आया, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेले पण मन अजून आपल्या क्लबमध्ये असलेले जुने सदस्य, या सर्वांना महासाथीने नकळत समान स्थान दिले होते. स्क्रीनवर सगळ्यांचे चौकोन सारख्याच आकाराचे होते. कोण पहिल्या रांगेत आणि कोण दाराजवळ, हा भेद उरला नव्हता. कमी ऐकू येणाऱ्या एका ज्येष्ठ सदस्याने, आता मला वक्त्याचे प्रत्येक वाक्य कळते कारण आवाज वाढवणे माझ्या हातात आहे, असे सांगितले तेव्हा आमच्या सभागृहातील ध्वनिव्यवस्था किती वर्षे सदोष होती, हे आम्हाला उमगले. सेवा समाजाची करायची आणि आपल्याच संस्थेतल्या दुर्बळ माणसाला दाराबाहेर ठेवायचे, ही विसंगती आपल्याला खुपली पाहिजे.

अर्थात, ऑनलाइन सभांच्या उणिवा मी नाकारत नाही. सलग स्क्रीनपुढे बसण्याचा शीण खरा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याची कारणे मांडली: सतत अगदी जवळून अनेक चेहऱ्यांची नजर, स्वतःचेच प्रतिबिंब डोळ्यांपुढे असणे, एका जागी खिळून बसावे लागणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी मेंदूला करावे लागणारे जादा श्रम. स्वतःचे चित्र झाकून ठेवणे आणि कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा देणे, एवढ्या दोन साध्या सवलतींनीही यातला बराच ताण हलका होतो, हा आमचा अनुभव आहे.

शीण कमी करता येतो. भेटीची उणीव मात्र भरून निघत नाही. सभा सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यानंतरच्या गप्पांत किती प्रकल्पांची बीजे पडतात, हे जुन्या सदस्यांना ठाऊक आहे. त्या काळात क्लबमध्ये आलेल्या नव्या सदस्यांना आम्ही शपथ दिली, त्यांची नावे सर्वांना पाठ झाली, पण त्यांच्यापैकी कित्येकांची क्लबशी नाळ जुळली नाही. शोकसभांचा अनुभव तर फारच कठीण होता. दिवंगत सहकाऱ्याच्या घरी जाता येत नाही, त्याच्या पत्नीशेजारी बसता येत नाही, आणि ती स्क्रीनच्या एका चौकोनात एकटी बसून आपली भाषणे ऐकते आहे, हे दृश्य पाहिलेला माणूस प्रत्यक्ष भेटीला पर्याय आहे असे कधीच म्हणणार नाही. म्हणूनच सर्व सभा ऑनलाइन घ्या, अशी माझी मागणी नाही. कोणती सभा कोणत्या पद्धतीने घ्यायची, हे विचारपूर्वक ठरवा आणि कोणत्याही पद्धतीत दूरच्या सदस्याला वाट मोकळी ठेवा, एवढेच मी मागतो.

माझ्या मते संचालक मंडळाच्या आणि समित्यांच्या बैठका शक्यतो ऑनलाइनच घ्याव्यात. त्यात अहवाल, हिशेब आणि निर्णय असतात. त्यासाठी दहा जणांनी शहर ओलांडून येण्याचे कारण नाही. वाचलेला वेळ प्रत्यक्ष सेवाकार्याला आणि खऱ्या स्नेहभेटीला द्यावा. सर्वसाधारण सभा प्रत्यक्ष घ्यावी, पण तिला ऑनलाइन जोड असावी, आणि ती जोड नावापुरती नसावी. टेबलावर एक फोन टेकवून ठेवला की झाली संमिश्र सभा, असे समजणे हा दूरच्या सदस्यांचा अवमान आहे. कॅमेरा साधा असला तरी चालतो, पण माइक चांगला हवा, आणि प्रत्येक बोलणाऱ्याने तो हातात घेऊनच बोलले पाहिजे. ऑनलाइन सदस्यांची जबाबदारी सभागृहातील एका सदस्याकडे सोपवावी. त्यांचे प्रश्न वाचून दाखवणे, हात वर केला असेल तर अध्यक्षांच्या लक्षात आणून देणे आणि आवाज तुटल्यास लगेच सांगणे, एवढेच त्याचे त्या दिवशीचे काम. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना साध्या फोनवरून ऐकता येईल अशी सोय करावी. ही मंडळी त्या काळातही मागे राहिली होती आणि आजही त्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो.

उपविधींत काही गोष्टी नेमक्या शब्दांत लिहाव्या लागतील. ऑनलाइन उपस्थिती गणसंख्येत धरली जाईल का, मतदान कसे होईल, निवडणुकीत गुप्तता कशी राखली जाईल, संपर्क तुटला तर ठराव वैध राहील का, हे प्रश्न वाद उभा राहिल्यावर सोडवायचे नसतात. सुरक्षिततेबाबतही ढिलाई नको. अनोळखी लोक सभांमध्ये घुसून गोंधळ घालू लागल्यावर झूमने एप्रिल २०२० पासून पासवर्ड आणि प्रतीक्षा कक्ष आपोआप सुरू राहतील अशी व्यवस्था केली. तरीही सभेची लिंक समाजमाध्यमांवर उघडपणे टाकणारे क्लब आजही दिसतात.

याच ओघात एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ऑनलाइन सभांमध्ये मदत घेणाऱ्यांची छायाचित्रे, नावे, आजार आणि घरची परिस्थिती सर्वांसमोर दाखवण्याची सवय आपल्याला त्याच काळात लागली. ध्वनिचित्रमुद्रण कोणाकोणाकडे गेले, याचा हिशेब कोणाकडेच नाही. मदत घेताना माणूस आधीच संकोचलेला असतो. त्याच्या संमतीशिवाय त्याचे दुःख आपल्या अहवालाची शोभा होऊ नये, असा नियम आपण स्वतःहून केला पाहिजे.

शेवटची मागणी पुढच्या संकटासाठी आहे, मग ते संकट साथीचे असो, पुराचे असो की आणखी कशाचे. २०२० मध्ये अनेक क्लबांचे पहिले काही आठवडे सेवेत गेले नाहीत, ते सदस्यांचे चालू फोन नंबर शोधण्यात, खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे हे विचारण्यात आणि बँकेत सही करू शकणारे दोघेही घरात अडकल्यामुळे निधी कसा काढायचा या विवंचनेत गेले. हे सर्व शांततेच्या काळात एका संध्याकाळी नीट लावून ठेवता येते. सदस्यांची यादी दर सहा महिन्यांनी तपासावी, तीत प्रत्येकाच्या घरातील आणखी एका व्यक्तीचा नंबर असावा. ऑनलाइन सभेचे खाते क्लबच्या नावे असावे आणि ते चालवणारे किमान तीन सदस्य असावेत. वर्षातून एकदा पूर्वसूचना न देता संपूर्ण क्लबची ऑनलाइन सभा बोलवावी आणि किती जण अर्ध्या तासात जोडले जातात, ते पाहावे. जे जोडले जाणार नाहीत, त्यांच्या घरी जाऊन अडचण समजून घ्यावी.

रोटरी आणि लायन्सचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि नवे मंडळ त्या दिवशी सूत्रे हाती घेते. त्याआधी होणाऱ्या मंडळाच्या बैठकीत ‘ऑनलाइन सहभागासंबंधी उपविधी दुरुस्ती’ हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा आणि त्यावर जो काही निर्णय होईल तो कारणांसह सर्व सदस्यांना लेखी कळवावा, अशी माझी विनंती आहे. त्या बैठकीची लिंक, जे अनेक महिने सभेला येऊ शकलेले नाहीत, त्यांना सर्वांत आधी पाठवावी आणि त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय मतदान घेऊ नये. मसुदा तयार करण्याचे काम मंडळ सोपवील तर मी ते आनंदाने करीन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक क्लब सदस्य व माजी सचिव